मदत हवी आहे: अर्थ केलेल्या (जमिनीला जोडलेल्या) पत्र्याजवळच्या प्रभारित गोळ्याचं विभव (व्होल्टेज)

धातूचा पोकळ गोळा, त्रिज्या १० सेंमी, प्रभार ०.२ मायक्रोकूलोम. एकटा असताना पृष्ठभागावर १८ किलोव्होल्ट, केंद्रापासून ३० सेंमीवर ६. इथवर ठीक.

आता केंद्रापासून ३० सेंमीवर मोठा सपाट पत्रा, अर्थ केलेला. पत्र्यामागे तेवढ्याच अंतरावर उलट प्रभार (प्रतिमा) धरला की पत्र्यावर शून्य येतं, पण गोळ्याच्या पत्र्याकडच्या बाजूला १४.४ आणि मागे १५.४ किलोव्होल्ट! वाहकावर असा फरक असूच शकत नाही. म्हणून गोळ्यात, केंद्रापासून १.६७ सेंमी पत्र्याकडे, एकषष्ठांश प्रभार ठेवला आणि केंद्रातून तेवढाच वजा केला. पण मग त्याच्याही प्रतिमा पत्र्यामागे घ्याव्या लागतात.

१ टक्का अचूकतेसाठी किती फेऱ्या पुरतात? की गोळ्याचं विभव ठरलेलं धरून प्रतिमांची साखळी मांडावी आणि शेवटी एकूण प्रभार जुळवून घ्यावा?