बाप्टिस्ट फक्त बायबल मानतात, मग १६८९चा जाहीरनामा काहून?

सदरकर:
सलाम सगळ्यांना. आम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वाले, माझं लग्न बाप्टिस्ट (मोठेपणी विश्वास ठेवूनच बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) घरात जुळलंय आणि सासरे म्हणून राहिले की लहानपणीचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा दीक्षाविधी) वचनात, म्हणजे बायबलमध्ये, नाही, परत घ्या. पण लंडनचा १६८९चा विश्वासाचा जाहीरनामा (बाप्टिस्टांच्या शिकवणीचा लेखी कागद) पण ते मानतात ना, मग शेवटचा शब्द कोणाचा?

जरीपटका_ताई:
भाऊ, त्याचा पहिलाच अध्याय पवित्र शास्त्रावर आहे, तारण, विश्वास आणि आज्ञापालनासाठी पुरेसा न चुकणारा नियम फक्त शास्त्रच असं त्यातच लिहिलंय, म्हणजे तो कागद स्वतःच शास्त्राखाली बसतो. आणि सगळे बाप्टिस्ट तो मानतही नाहीत, प्रत्येक मंडळी (स्थानिक चर्च) स्वतंत्र असते. बिरुया गावचे लोक प्रेषित पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासायचे (प्रेषितांची कृत्ये १७:११), मग पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) का नाही तपासायचं? मला ही बाप्टिस्टांची सगळ्यात मोठी देणगी वाटते. इंग्रज मिशनरी विल्यम केरी बाप्टिस्टच, बंगालमधल्या सेरामपूरहून १८११ला मराठी नवा करार त्यांनीच छापला, लोकांच्या हातात वचन पाहिजे म्हणून.

सदरकर:
हे पटलं ताई. पण बाप्तिस्म्याचं काय?

मोहननगर_दादा:
सासऱ्यांच्या लेखी तो "परत" नाहीच बाप्पा, विश्वास ठेवून घेतलेला तोच पहिला. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच झाली, त्यात बाप्टिस्ट मंडळ्याही आल्या, म्हणून तिथे लहानपणीचा आणि मोठेपणीचा, दोन्ही पद्धती चालतात. सासऱ्यांसोबत बसून कृत्ये ८ मधला कूशी षंढ (स्वतः मोठेपणी बाप्तिस्मा घेणारा) आणि १६ मधला तुरुंगाचा नायक (ज्याच्या सगळ्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला), दोन्ही वाचा, सगळा वाद तिथंच आहे. आणि लग्नाआधी दोन्ही पाळकांना भेटाच.