‘टू फर्स्ट चेक’ म्हणजे अडाणीपणा? मला नाही पटलं

प्रूफवाली
काल एका व्याकरणाच्या पोस्टमध्ये वाचलं की फर्स्ट, देन, नेक्स्ट, फायनली हे शब्द टू आणि क्रियापदाच्या मध्ये घालणं हे अडाणीपणाचं लक्षण, ते नेहमी वाक्याच्या सुरुवातीला किंवा टूच्या आधीच टाकायचे. खाली ‘धन्यवाद सर’ची रांग लागलेली. मी मशीनची मॅन्युअल्स लिहिते, हे शब्द कुठे बसवायचे यावरच माझं पोट आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘शी फर्स्ट आस्क्ड मी टू कॉल द बँक’ म्हणजे तिने पहिल्यांदा हे सांगितलं, नंतर कदाचित दुसरंच सांगितलं. ‘शी आस्क्ड मी टू फर्स्ट कॉल द बँक’ म्हणजे बाकी कामं नंतर, आधी फोन. ‘शी आस्क्ड मी टू कॉल द बँक फर्स्ट’ यात आधी फोन असंही निघतं आणि वकिलाच्या आधी बँकेला असंही निघतं, बोलताना जोर कुठे दिला त्यावरून कळतं, कागदावर नाही कळत. आता पोस्टवाल्यांचा नियम पाळा आणि फर्स्ट टूच्या आधी सरकवा: ‘शी आस्क्ड मी फर्स्ट टू कॉल द बँक’. हा फर्स्ट कुणाचा? आस्क्डचा? कॉलचा? की सगळ्यांत आधी मला विचारलं? नियम पाळला आणि वाक्य बिघडलं.

फायनलीचंही तेच. ‘ही फायनली डिसायडेड टू लीव्ह’ मध्ये निर्णय रखडला होता, ‘ही डिसायडेड टू फायनली लीव्ह’ मध्ये जाणं रखडलं होतं. आणि देन शेवटी टाकला तर अर्थच फिरतो, ‘ही देन लेफ्ट’ म्हणजे मग गेला आणि ‘ही लेफ्ट देन’ म्हणजे त्या वेळी गेला. शब्द ज्या क्रियापदाचा आहे त्याला चिकटून ठेवा, मध्ये टू आला तर येऊ दे.

मास्तर_लातूर
ताई, तुम्ही मॅन्युअल लिहिता, मी नववी-दहावीला शिकवतो. तुमच्यासमोर इंजिनिअर आहेत, माझ्यासमोर ‘आय गोइंग’ लिहिणारी साठ पोरं. त्यांना एकदा ‘टू मधे फोडला तरी चालतो’ सांगितलं की ती कुठेही काहीही घालतात. आणि टूच्या आधी फर्स्ट टाकलं की वाक्य बिघडतं हे साफ खोटं आहे. ‘हिज प्लॅन वॉज फर्स्ट टू रीड अँड देन टू राइट’ यात काय बिघडलंय सांगा. उलट रुबाबदार वाक्य आहे.

प्रूफवाली
त्या वाक्यात काहीच बिघडलेलं नाही, कारण फर्स्टच्या आधी ‘वॉज’ आहे, त्याला फर्स्ट ओढून घेता येत नाही, आणि पुढे ‘देन टू’ची जोडी येऊन सगळं पक्कं करते. आस्क, डिसाइड, प्रॉमिस, ट्राय असलं क्रियापद फर्स्टच्या आधी उभं करा आणि मग हाच प्रयोग करून बघा. तुम्ही चालणारं एक वाक्य घेऊन न चालणाऱ्या शंभरांवर पांघरूण घालताय.

लेस्टरवासी
हा नियम इंग्रजांचा तरी कुठे जुना आहे. 1864 साली कँटरबरीच्या चर्चचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी टू फोडण्यावर आक्षेप घेतला, त्याच्या कितीतरी आधी चौदाव्या शतकात, बायबल इंग्रजीत आणणाऱ्या विक्लिफच्या लिखाणात असे फोडलेले टू सापडतात. 1926 मध्ये इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने तर इंग्रजी बोलणाऱ्यांचे पाच गट पाडले, त्यातल्या ज्यांना हे प्रकरण माहीतही नाही आणि फिकीरही नाही ते सुखी, असं लिहिलं. ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने सुद्धा 2018 मध्ये आपल्या लेखकांना सूट दिली.

आणि भीती किती खोल जाते बघा. 20 जानेवारी 2009, ओबामांची शपथ. अमेरिकेच्या राज्यघटनेत शब्द आहेत ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट’. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ‘फेथफुली’ उचलून पार वाक्याच्या शेवटी नेला, दुसऱ्या दिवशी शपथ परत घ्यावी लागली. भाषातज्ज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी तेव्हाच म्हटलं होतं की विल आणि क्रियापदाच्या मध्ये काही येऊ द्यायचं नाही या सवयीनेच तो घोळ झाला.

तिकोना
शपथेचा घोळ दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलले म्हणून झाला, मी लाइव्ह बघत होतो. सगळं व्याकरणावर ढकलू नका. आणि तिथे टू नव्हताच.

शेवंता
टू फोडा नाहीतर जोडा, माझा राग वेगळाच आहे. क्रम दाखवायला शाळेने आम्हाला काय शिकवलं? ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ काढा, ‘नो सूनर दॅन’ घाला! वाघ दिसला आणि मी पळालो हे वाक्य आम्ही इतक्या वेळा उलटसुलट केलं की वाघ कंटाळला असेल. मुलगी बारावीला ते सगळं अचूक लिहून आली, आणि नोकरी लागल्यावर पहिली मेल लिहिली ‘व्हेन आय विल रीच, देन आय विल कॉल’. जेव्हा-तेव्हा सरळ उचलून ठेवलं. व्हेनच्या वाक्यात विल येत नाही आणि पुढचा देन नकोच, हे तिच्या मनात पक्कं बसेल असं कुणीच शिकवलं नव्हतं. नो सूनर तिने नोकरीत एकदाही वापरलेलं नाही.

मास्तर_लातूर
म्हणजे परत मास्तरच चोर! प्रश्नपत्रिका मी काढतो का? अहो ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ मध्ये पोराचे मार्क गेले की पालक माझ्या दारात येतात, मेल नीट लिहिता येत नाही म्हणून एकही पालक आजवर आलेला नाही. तुम्ही तरी गेला होतात का शाळेत विचारायला?

शेवंता
गेले होते. ‘पोर्शनमध्ये नाही’ असं उत्तर मिळालं. शाळेचं नाव घेत नाही.

तिकोना
नो सूनरला नावं ठेवू नका. सूनर ही तुलना आहे म्हणून पुढे दॅन येतो, हार्डली आणि स्केअर्सली तुलना नाहीत म्हणून त्यांच्यापुढे व्हेन येतो. हे ज्याला कळलं त्याला दॅन आणि देन मधला फरक जन्मभर चुकत नाही. मी याच एका धड्यावर स्पर्धा परीक्षेचे क्लास घेतले, तालुक्याच्या गावातली मुलं बँकेत लागली.

शेवंता
बँकेत लागली आणि तिथे काय लिहितात ते कधी वाचलंत? ‘यू आर रिक्वेस्टेड टू फर्स्टली’ असं पत्र आलंय मला.

तिकोना
वैयक्तिक जाऊ नका. माझ्या विद्यार्थ्यांवर बोलायचा तुम्हाला अधिकार नाही.

लेस्टरवासी
इथे इंग्लंडात ऑफिसात नो सूनर कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही, कधीमधी छापलेलं दिसतं, आणि तेही बहुतेक ‘हॅड’ घेऊन, ‘नो सूनर हॅड द बेल रंग’. आपल्याकडे मात्र ‘डिड’चं सूत्र पाठ करून घेतात आणि हॅडवालं वाक्य पोराला परकं वाटतं.

प्रूफवाली
धागा कुठल्या कुठे गेला, पण शेवंताताईंचं दुखणं आणि माझं एकच आहे, क्रमाचे शब्द अर्थ बाजूला ठेवून शिकवले जातात. मी एका मॅन्युअलमध्ये ‘रिमेंबर टू फर्स्ट ड्रेन द टँक अँड देन ओपन द कव्हर’ लिहिलं होतं. तपासणाऱ्याने टू जोडला, देन जास्तीचा म्हणून काढला, फर्स्ट सुरुवातीला नेला. झालं ‘फर्स्ट, रिमेंबर टू ड्रेन द टँक अँड ओपन द कव्हर’. टेक्निशियनने आधी झाकण उघडलं आणि गरम पाण्याचा लोट बाहेर आला. नुसत्या ‘अँड’ने क्रम ठरत नाही. विमानांच्या मॅन्युअलसाठी जी सोपी तांत्रिक इंग्रजी ठरवली आहे तिच्यात सूचनेच्या वाक्याला 20 शब्दांची मर्यादा आहे आणि एका वाक्यात एकच काम सांगायचं, ते उगीच नाही. पायऱ्यांना आकडे दिले की फर्स्ट-देन लागतही नाहीत.

मास्तर_लातूर
झाकणाचं वाक्य पटलं, नाही म्हणत नाही. बँकेची चारही वाक्यं उद्या फळ्यावर लिहीन आणि अर्थ विचारीन. पण बोर्डाच्या पेपरात टू फोडा असं मी पोरांना सांगणार नाही, तपासणारा कोण असेल ते मला माहीत नसतं आणि गेलेला मार्क तुम्ही कुणी आणून देणार नाही.

शेवंता
व्हेन-देन पण घ्या मास्तर, पोर्शनमध्ये नसलं तरी.

मास्तर_लातूर
घेतो. पंधरा मिनिटांत जेवढं होईल तेवढं, पुढचा तास गणिताचा आहे आणि त्या बाई एक मिनिट सोडत नाहीत.