ग्रीक पुराणकथेवर आधारलेला विवाहसोहळा: कथा कोणती निवडावी?

मृणाल:
माझ्या भाचीचे लग्न येत्या जूनअखेरीस ग्रीसमधील नाक्सोस बेटावर ठरले आहे. जावई अथेन्सचे आहेत. तेथील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लग्न लावायचे तर वधू आणि वर दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असावा लागतो, त्यामुळे नगरपालिकेत नागरी विवाह होईल (ग्रीसमध्ये असा विवाह १९८२ पासून कायद्याने मान्य आहे) आणि संध्याकाळी समुद्रकाठी समारंभ होईल. या समारंभाला एखाद्या ग्रीक पुराणकथेचा आधार असावा, अशी दोघांची मनापासून इच्छा आहे. सजावट करणाऱ्यांनी ऑर्फियस आणि युरिडिकी यांची कथा सुचवली असून पत्रिकेवर ऑर्फियसचे तंतुवाद्य छापायचे घाटत आहे. ही निवड योग्य आहे का?

अनिरुद्ध:
मृणालताई, पत्रिका छापायला देण्यापूर्वी थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. युरिडिकी लग्नानंतर लगेचच सर्पदंशाने मरते. रोमन कवी ओव्हिडने तर या लग्नात विवाहदेवाच्या हातातली मशाल नुसती धुमसत राहिली, कितीही हलवली तरी पेटली नाही, असे वर्णन केले आहे. पुढे ऑर्फियस तिला पाताळातून परत आणत असताना मागे वळून पाहतो आणि ती कायमची अंतरते. विरहाची कथा म्हणून ती अजोड आहे, पण तिला मांडवात स्थान नसावे. देवकन्या हार्मोनियाला लग्नात मिळालेला हार पुढच्या पिढ्यांना शापासारखा भोवला, आणि वीर पेलियस व सागरदेवी थेटिस यांच्या लग्नाचे आमंत्रण न मिळालेल्या कलहदेवी एरिसने टाकलेल्या सोन्याच्या सफरचंदातून ट्रोजन युद्धाची ठिणगी पडली, त्यामुळे तीही उदाहरणे टाळावीत.

नाक्सोसची स्वतःची कथा असताना दूर कशाला जायचे? अथेन्सचा वीर थीसियस याने याच बेटावर सोडून दिलेल्या क्रीटच्या राजकन्येला, अरियाद्नीला, मद्यदेव डायोनायससने पत्नी म्हणून स्वीकारले आणि तिचा विवाहमुकुट आकाशात ठेवला, तोच उत्तर मुकुट हा तारकासमूह. जूनअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास तो तेथे जवळजवळ डोक्यावर असतो. जेवणानंतर थोडा वेळ दिवे मंद करून पाहुण्यांना तो अर्धवर्तुळाकार मुकुट दाखवावा. त्याच्या तोडीची सजावट विकत मिळणार नाही.

वैशाली:
कथेइतकेच विधींकडेही लक्ष द्यावे, असे मला वाटते, कारण प्राचीन अथेन्समधील लग्नाचे विधी वाचताना आपल्याच घरचे कार्य आठवते. वधूच्या स्नानासाठी कॅलिरोई झऱ्याचे पाणी लुट्रोफोरोस नावाच्या उंच मानेच्या कलशातून आणत. वधूच्या चेहऱ्यावरचे वस्त्र दूर करण्याला स्वतंत्र विधीचा मान होता. आपला अंतरपाट दूर होतो तो क्षण येथे सहज गुंफता येईल. रात्री वरात निघे तेव्हा वधूची आई मशाली घेऊन बरोबर चाले. वराच्या घरी चुलीपाशी बसलेल्या जोडप्यावर सुके अंजीर, खजूर आणि अक्रोड-बदामांसारखा सुका मेवा उधळत. अक्षतांसोबत तुम्हीही हे करू शकता.

आजच्या ग्रीक चर्चविवाहात वधूवरांच्या डोक्यावर एकाच फितीने जोडलेले दोन मुकुट ठेवतात आणि त्यांची तीनदा अदलाबदल करतात. हा धार्मिक विधी असल्यामुळे त्याचे अनुकरण करण्यापूर्वी वराच्या आईवडिलांना जरूर विचारावे.

सुहास:
अरियाद्नीबद्दल माझ्या मनात थोडी शंका आहे. होमरच्या ‘ओडिसी’त तिचा शेवट वेगळा आहे, तेथे शिकारीची देवी आर्टेमिस तिचा जीव घेते. शिवाय एकाने टाकून दिलेली स्त्री हा उल्लेख लग्नाच्या दिवशी कोणाला खटकू शकेल. मला त्याच ‘ओडिसी’तील पलंगाचा प्रसंग अधिक जवळचा वाटतो. वीस वर्षांनी परतलेला नवरा खरा की तोतया, हे पारखण्यासाठी पेनेलोपी दासीला तो पलंग खोलीबाहेर मांडायला सांगते. ओडिसियस चिडून विचारतो की तो हलवलाच कसा, कारण जमिनीत मुळे असलेल्या जिवंत ऑलिव्हच्या बुंध्यातूनच त्याने तो स्वतः घडवलेला असतो. हे गुपित त्या दोघांखेरीज फक्त एका खास दासीला ठाऊक असते आणि त्यावरूनच तिला ओळख पटते.

मृणाल:
आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. ऑर्फियसची पत्रिका रद्द केली आहे. पत्रिकेवर आता ऑलिव्हची फांदी येईल आणि रात्री उत्तर मुकुट दाखवला जाईल, कारण भाचीचे म्हणणे असे की अरियाद्नीला तिची योग्यता जाणणारा जोडीदार याच बेटावर भेटला, हे तिला फार आवडते. मुकुटांविषयी विहीणबाईंशी बोलूनच ठरवू. मशालींचे वाचून दाखवले तेव्हा ताईचे, म्हणजे भाचीच्या आईचे, डोळे भरून आले. त्या ती स्वतः धरणार आहे.