लंडन फॉग: पत्ती दुधात उकळू नका

लंडन फॉग म्हणजे अर्ल ग्रे हा सुगंधी काळा चहा, फेसाळ दूध आणि व्हॅनिला यांचं पेय. ते करताना काही जण अर्ल ग्रेची पत्ती थेट दुधात उकळायला सांगतात. कृपया तसं करू नका! या चहाचा जीव बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलात असतो आणि उकळत ठेवलं की ते वाफेबरोबर उडून जातं. अर्धा कप कडकडीत पाण्यात दोन चमचे पत्ती घालून झाकण ठेवा, ४ मिनिटांनी गाळा. पत्ती पिळू नका, कडवटपणा उतरतो.

दूध वेगळं, साधारण ६५ अंशांपर्यंतच तापवा. फ्रेंच प्रेस (कॉफी गाळायचं दांड्याचं भांडं) असेल तर त्यात ओतून दांडा भराभर वरखाली करा, सुरेख फेस येतो. व्हॅनिला दोन थेंब, साखर चवीपुरती. आलं-वेलची मला एरवी जिवापाड प्रिय, पण इथे नकोच. बर्गमॉट पार दबून जातो.