मदत हवी आहे: देवाच्या अभिवचनाची खात्री कशी समजावून सांगू?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. येत्या शनिवारी आमच्या मावशीकडे घरगुती प्रार्थना आहे आणि वचन, म्हणजे बायबलमधून छोटा संदेश, मला द्यायचंय. काका गेल्यापासून मावशी फार खचली आहे. त्यांच्या आजारपणात सगळ्यांनी उपास-प्रार्थना केल्या होत्या. त्यातच कोणीतरी तिला म्हणालं, "तुमचा विश्वास कमी पडला." ते तिच्या मनातून जातच नाही. आता प्रार्थनेला बसली तरी पदराचं टोक नुसतं मुरगाळत राहते, बोलत नाही.

मला ते बोलणं साफ चुकीचं वाटतं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात अब्राहामाची "पूर्ण खात्री" आहे, पण ती देवाच्या सामर्थ्याबद्दल. तो 75 वर्षांचा असताना हारान गावातून निघाला आणि मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा होता. अख्खा देश देण्याचं वचन मिळालं होतं, तरी पत्नी साराला पुरायला त्याला 400 शेकेल (जुनं वजन) चांदी मोजून जमीन विकत घ्यावी लागली! इब्री लोकांस पत्र 11:13 तर सरळ सांगतं की, अब्राहामासारखी ही माणसं वचनफळ हाती न येता विश्वासात मेली.

हे मावशीला उपदेश न वाटता कसं सांगू? रोमकरांस 8:38-39 ने (देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीच वेगळं करू शकत नाही) सुरुवात करावी, की आधी एखादं विलापाचं स्तोत्र वाचावं? अशा घरात ज्यांनी वचन दिलंय, विशेषतः पाळकसाहेब आणि वडीलधाऱ्या भगिनींनी, कृपया लिहा. सोबत गायला एखादं जुनं मराठी गीतही सुचवा. मावशीला जुनी चाल लगेच ओठांवर येते.