मदत हवी आहे: आयबीएम १४०१ या जुन्या कॉम्प्युटरची मॅन्युअलं, पेन्सिलीच्या टिपांसकट कशी स्कॅन करू?

नमस्कार मंडळी,

साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना वडिलांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत सोलापुरी चादरीत गुंडाळलेली एकवीस मॅन्युअलं. वडील, म्हणजे अण्णा, मुंबईत एका ऑफिसच्या मशीन रूममध्ये १४०१ वर प्रोग्रामिंग करायचे. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. पुढे ते मशीन निघालं तेव्हा ही पुस्तकं रद्दीत चालली होती, ती अण्णांनी घरी आणली.

छापील मजकुराची मला तितकी काळजी नाही. मुख्य रेफरन्स मॅन्युअल, ए२४-१४०३, बिटसेव्हर्सवर (जुन्या कॉम्प्युटरच्या कागदपत्रांचा ऑनलाइन संग्रह) कधीचं स्कॅन होऊन पडलंय. जीव अडकलाय तो समासातल्या मराठी टिपांत. या मशीनला ठरावीक लांबीचा वर्ड (मेमरीतला माहितीचा एक तुकडा) नव्हता, आकडा कुठे संपतो ते वर्ड मार्क नावाची खूण सांगायची. मूव्हच्या (मेमरीतला मजकूर एकीकडून दुसरीकडे उतरवण्याच्या) सूचनेशेजारी अण्णांनी लिहिलंय, ‘मार्क राहिला तर थांबत नाही, डावीकडचं पुसत जातं.’ खाली बारीक अक्षरात त्या रात्रपाळीची तारीख. जास्तीत जास्त १६,००० अक्षरांच्या मेमरीत पगारपत्रकं बसवताना या लोकांनी काय काय केलं, ते कुठल्याच छापील पानावर नाही.

एका झेरॉक्सच्या दुकानात दोन पानं करून पाहिली. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये छपाई झकास, पेन्सिल पार गायब. पुस्तकांचा कणा कापून दिलात तर फीडरमधून तासाभरात काढून देतो म्हणाले. माझा हात धजेना.

तर पेन्सिलीसाठी ग्रेस्केल पुरे, की रंगीतच करावं? पिना गंजल्यात, ओढल्या की कागद सुटून येतो. फ्लोचार्टची मोठी पानं घडीवरच तुटायला लागलीत. आणि मागच्या पावसाळ्यात माळा गळला, त्यात एका पुस्तकाची दहाबारा पानं चिकटली. वाफ द्या, सुटतील, असं शेजारचे काका म्हणतात, पण वाफेने पेन्सिल पसरली तर? कुणी असं काम स्वतः केलंय का? सोलापुरात किंवा पुण्यात, पुस्तक न कापता वरून फोटो घेणारा स्कॅनर कुठे मिळेल?

ऑटोकोडरवर, म्हणजे १४०१ च्या प्रोग्रामिंग भाषेत, काम केलेलं कुणी इथे असेल तर जरूर कळवा. अण्णा ८६ वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी भिंग लावून दोन पानं वाचून दाखवतात, मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. पण त्यांचीच काही संक्षिप्त अक्षरं आता त्यांना लागत नाहीत.

ट्रंक सध्या कडुलिंबाचा पाला घालून खालच्या कपाटात ठेवली आहे. पावसाळ्याआधी काम सुरू करायचं आहे.