शब्दचर्चा : ‘प्रवर्तन’ म्हणजे नेमकं काय?

यावलकर : पुतणी दहावीला आहे. पुस्तकात ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ आलं, तर विचारते, “काका, प्रवर्तन म्हणजे?” म्हटलं, इंडक्शन. “म्हणजे आईची शेगडी?” पुढे माझी बोलती बंद. तार चुंबकाजवळून हलवली तरी प्रवर्तन. तार जागेवर ठेवून चुंबकीय क्षेत्र बदललं तरी प्रवर्तन. आणि दोन्ही एकदम झालं तर? वेगळे शब्द नकोत का?

पारोळ्याचे सर : पुतणी चुकली नाही. शेगडीच्या कॉइलमधला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होतो, क्षेत्रही तसंच बदलतं आणि भांड्याच्या बुडातच विद्युतधारा सुरू होते. काच तापते ती भांड्यामुळे.

आता शब्द. ‘वृत्’ म्हणजे फिरणं, चालू असणं. ‘प्रवर्तन’ म्हणजे चालू करून देणं. धम्मचक्र प्रवर्तन दिन आपण दरवर्षी पाळतो, तिथेही अर्थ हाच, चाक चालतं करणं. फॅरडेने १८३१ मध्ये तेच दाखवलं : तारेच्या वेटोळ्याला बॅटरी जोडलेली नाही, नुसता चुंबक आत सरकवला आणि धारा दाखवणारा काटा हलला. चुंबक थांबला की काटा परत शून्यावर.

अमळनेरची ताई : हिंदीत ‘प्रेरण’ म्हणतात. ते सोपं नाही का?

पारोळ्याचे सर : सोपं आहे, पण मला प्रेरणा म्हटलं की कविसंमेलन आठवतं. शिवाय हिंदीत प्रवर्तन निदेशालय म्हणजे ईडी, आपल्याकडचं सक्तवसुली संचालनालय! तर्कशास्त्रातल्या इंडक्शनला मराठीत पुन्हा तिसराच शब्द, विगमन.

यावलकर : सर, दोन्ही एकदमचं राहिलं.

पारोळ्याचे सर : एका टोकाला जोडून बंद केलेल्या दोन समांतर रुळांवर ४० सेंटिमीटरची दांडी त्या टोकापासून दूर सरकते आहे, वेग सेकंदाला २ मीटर, रुळांना काटकोनात चुंबकीय क्षेत्र ०.५ टेस्ला (टेस्ला हे क्षेत्राचं एकक). नुसत्या हलण्याने ०.४ व्होल्ट. त्याच क्षणी दांडी बंद टोकापासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि क्षेत्र सेकंदाला २ टेस्ला या दराने वाढतं आहे, त्याचे आणखी ०.२४. एकूण ०.६४. क्षेत्र त्याच दराने घटत असतं, तर उरले असते ०.१६. कारणं दोन आहेत. हलणाऱ्या तारेतल्या विद्युतभाराला चुंबकीय बल ढकलतं, बदलत्या क्षेत्रात विद्युतक्षेत्र तयार होतं. पण वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषा किती वेगाने बदलल्या, एवढंच मोजलं की दोन्हींची बेरीज आपोआप येते. चुंबक हलला की तार हलली यावरून स्पष्टीकरण बदलतं, धारा मात्र तीच, या विसंगतीपासूनच आइन्स्टाइनने सापेक्षतेवरचा १९०५ चा लेख सुरू केला. म्हणून शब्द एकच असू द्या.

धुळ्याचा वाइंडर : सर, तुमची दांडी माझ्या दुकानात रोज येते. इंडक्शन मोटर म्हणतो आम्ही, पण इंडक्शन कुठे आहे ते कोणी विचारत नाही. रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, एकही वायर जोडलेली नसते. अल्युमिनियमच्या दांड्या, दोन्ही टोकांना कडं, बस. बाहेरच्या वाइंडिंगचं क्षेत्र फिरतं, चार पोलच्या (चार चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरला मिनिटाला १५०० फेरे. रोटर फिरतो १४४० च्या आसपास, प्लेटवर लिहिलेलं असतं. हलणारी तार, बदलतं क्षेत्र, दोन्ही एकदम!

अमळनेरची ताई : मग १५०० का नाही गाठत?

धुळ्याचा वाइंडर : गाठलं तर रोटरच्या हिशेबाने क्षेत्र थांबलं. करंट नाही, जोर नाही. म्हणून तो मागेच राहतो. इंग्रजीत स्लिप.

पारोळ्याचे सर : इथे मात्र मराठी शब्द हवा. ‘घसरण’ म्हटलं की बाजारभाव आठवतो. मी ‘पिछाडी’ सुचवतो. १५०० ला ६० ची पिछाडी, म्हणजे ४ टक्के.

धुळ्याचा वाइंडर : चालेल! बोअरमध्ये रेती अडकून पंप जाम झाला की पिछाडी १०० टक्के. मोटर पाच-सात पट करंट ओढते, ओव्हरलोडच्या स्विचने वीज तोडली नाही तर वाइंडिंग काळं. गिऱ्हाईक येऊन एवढंच सांगतं, “भाऊ, मोटर जयी गयी.” म्हणजे जळून गेली.

यावलकर : पुतणीला वाचून दाखवलं. ती म्हणते, पिछाडी पेपरात लिहिली तर मार्क मिळतील का?

पारोळ्याचे सर : प्रवर्तनाचे मिळतील. पिछाडीचे मी देईन.